मधली केबल : सातपूरच्या कारखान्यांतील यूएसबी-सिरियल जोडणीचा आढावा

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना 1962 साली झाली आणि त्यानंतर नाशिकहून त्र्यंबकेश्वरकडे जाणाऱ्या रस्त्यालगत सातपूरची वसाहत वाढत गेली. मायको म्हणजे आताची बॉश, महिंद्रा, सिएट, एबीबी अशा मोठ्या कारखान्यांभोवती त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या, जॉबवर्क करणाऱ्या, पॅनेल बांधणाऱ्या आणि साचे घडवणाऱ्या लहान उद्योगांची दाट वीण येथे तयार झाली. अशा लहान उद्योगांत वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे सीएनसी, म्हणजे संगणक-नियंत्रित, यंत्र आणि अलीकडे घेतलेला लॅपटॉप एकाच छपराखाली काम करतात, आणि दोघांची गाठ घालण्याची वेळ आली की पहिली अडचण उभी राहते ती पोर्टची. यंत्राला पंचवीस किंवा नऊ पिनांचा सिरियल पोर्ट असतो, पीएलसीला, म्हणजे यंत्रांची कामे क्रमाने चालवणाऱ्या औद्योगिक नियंत्रकाला, गोल आठ पिनांचा, ऊर्जामापकाला नुसते दोन स्क्रू. लॅपटॉपला मात्र यूएसबीवाचून दुसरे काही नसते. ही उणीव भरून काढणारी केबल सातपूरमध्ये ‘कन्व्हर्टर’ या नावाने ओळखली जाते, आणि ती बहुधा तार म्हणूनच विकत घेतली जाते, तार म्हणूनच वापरली जाते आणि काम अडले की तार म्हणूनच तिला दोष दिला जातो. वस्तुतः तिच्या टोकाच्या प्लास्टिकमध्ये एक स्वतंत्र संगणकीय उपकरण दडलेले असते, त्याला स्वतःची स्मृती, स्वतःचे घड्याळ आणि स्वतःच्या सवयी असतात, आणि बहुतेक तक्रारींचे मूळ तुटलेल्या तारेत नसून या सवयींच्या अज्ञानात असते.

सिरियल संदेशवहनाची पद्धत यंत्रांहून पुष्कळ जुनी आहे. टेलिप्रिंटर आणि मोडेम यांना जोडण्यासाठी अमेरिकेतील इलेक्ट्रॉनिक उद्योगांच्या संघटनेने 1960 साली आरएस-232 हे मानक प्रसिद्ध केले आणि 1969 साली त्याची ‘सी’ ही आवृत्ती आली, जी पुढे जगभर रूढ झाली. या पद्धतीत अक्षराचे बिट एकाच तारेवरून एकामागून एक जातात. प्रत्येक अक्षराआधी एक स्टार्ट बिट, नंतर सात किंवा आठ माहितीचे बिट, हवा असल्यास चूक ओळखण्यासाठी एक पॅरिटी बिट आणि शेवटी एक किंवा दोन स्टॉप बिट असतात. घड्याळाची वेगळी तार नसल्यामुळे दोन्ही बाजूंनी वेग आधीच ठरवून घ्यावा लागतो, आणि हा ठरलेला वेग म्हणजेच बॉड दर. 1984 साली आयबीएमच्या एटी संगणकाने या जोडणीला नऊ पिनांचे रूप दिले, 1996 साली यूएसबीची पहिली आवृत्ती जाहीर झाली (तिच्या शिल्पकारांमध्ये इंटेलमधील अजय भट्ट हे बडोद्याचे अभियंते होते), आणि पुढच्या दशकात लॅपटॉपवरून सिरियल पोर्ट जवळजवळ नाहीसा झाला. संगणक उद्योगाच्या दृष्टीने विषय तेथेच संपला. पण चार-पाच वर्षांनी बदलल्या जाणाऱ्या संगणकाची कालगणना आणि घसारा पूर्ण लिहून झाल्यानंतरही अचूक काम देत राहणाऱ्या लेथची कालगणना वेगळी असते. सातपूरमधील एखादा लहान उद्योजक चालू यंत्र केवळ पोर्ट जुना झाला म्हणून काढून टाकणार नाही, आणि त्याने ते काढूही नये.

या केबलचे काम समजून घेताना प्रथम विद्युतदाबाचा प्रश्न विचारात घ्यावा लागतो, कारण ‘सिरियल’ हे एकच नाव कमीत कमी तीन परस्परविसंगत विद्युत-पद्धतींसाठी वापरले जाते. आरएस-232 मध्ये तर्काचा 1 हा ऋण दाबाने आणि 0 हा धन दाबाने दाखवला जातो. पाठवणाऱ्याने 5 ते 15 व्होल्टच्या पट्ट्यात दाब द्यावा आणि घेणाऱ्याने 3 व्होल्टपर्यंत उतरलेला दाबही ओळखावा, अशी अपेक्षा असते. मायक्रोकंट्रोलरच्या, म्हणजे एकाच चिपवर सामावलेल्या लहान संगणकाच्या, पिनेवर मात्र 1 म्हणजे 5 किंवा 3.3 व्होल्ट आणि 0 म्हणजे शून्य व्होल्ट असते. दोन्ही पद्धतींत बिटांचा क्रम तोच, वेग तोच, पण दाब वेगळा आणि दिशा उलटी. आरएस-232 ची तार मायक्रोकंट्रोलरला सरळ लावली तर संदेश उलटा वाचला जातो इतकेच नव्हे, तर ऋण दाब पिनेच्या आतील संरक्षक डायोडमधून वाहू लागतो आणि चिप निकामी होऊ शकते. या दोन जगांना जोडण्यासाठी मॅक्सिम कंपनीने 1987 साली मॅक्स232 ही चिप आणली. एकट्या 5 व्होल्टच्या पुरवठ्यातून चार कपॅसिटरांच्या साहाय्याने धन आणि ऋण असे दोन्ही दाब तयार करण्याची तिची युक्ती इतकी उपयुक्त ठरली की पुढील अनेक वर्षे अभियांत्रिकी महाविद्यालयांतील प्रकल्पांच्या सर्किट बोर्डांवर ती हटकून दिसत राहिली. तिसरी पद्धत आरएस-485 ची. तिचा विचार पुढे केला आहे.

बाजारात ‘यूएसबी टू सिरियल’ म्हणून मिळणाऱ्या केबलींमध्ये, त्यामुळे, दोन वेगळ्या वस्तू एकाच नावाने वावरतात. नऊ पिनांच्या कनेक्टरची केबल आरएस-232 चा दाब देते आणि ती सीएनसी, पीएलसी, वजनकाटा यांच्यासाठी असते. सुट्या तारांची किंवा सहा छिद्रांच्या सॉकेटची केबल टीटीएल म्हणवला जाणारा दाब देते आणि ती मायक्रोकंट्रोलर बोर्डासाठी असते. दुसऱ्या प्रकारातील सर्वांत परिचित नमुना म्हणजे ग्लासगोच्या एफटीडीआय कंपनीची केबल. तिच्या यूएसबी प्लगच्या आतच चिप बसवलेली असते आणि दुसऱ्या टोकाला सहा रंगीत तारा येतात : काळी ग्राउंडची, तपकिरी सीटीएसची, लाल पुरवठ्याची, नारिंगी पाठवण्याची, पिवळी घेण्याची आणि हिरवी आरटीएसची. या केबलच्या 3.3 व्होल्टच्या प्रकारात एक खोच आहे. नावातले 3.3 व्होल्ट हे केवळ संदेशाच्या तारांचे आहेत. लाल तारेवर येतात ते यूएसबीचे 5 व्होल्टच. नाव वाचून लाल तार थेट 3.3 व्होल्टच्या चिपला लावणारा शिकाऊ मुलगा ती चिप गमावून बसतो, आणि दोष मात्र बहुधा चिपच्या माथी येतो. माहितीपत्रकाच्या पानावर ही गोष्ट स्पष्ट लिहिलेली असते; पण केबलचे माहितीपत्रक वाचायचे असते, ही कल्पनाच रुजलेली नाही.

वेगाच्या प्रश्नाकडे वळल्यास महाविद्यालयीन प्रयोगशाळेतील एका जुन्या कोड्याचा उलगडा होतो. इंटेलने 1980 साली आणलेल्या 8051 या मायक्रोकंट्रोलरच्या कुळातील बोर्डांवर 11.0592 मेगाहर्ट्झ असा चमत्कारिक आकड्याचा स्फटिक दिसतो, सरळ 12 चा नाही. या चिपमध्ये स्फटिकाच्या आवर्तनांना आधी 12 ने आणि मग सिरियल पोर्टसाठी 32 ने भागले जाते, 11.0592 मेगाहर्ट्झला असे भागले की बरोबर 28,800 उरतात आणि टायमरने त्यांचे आणखी तीन भाग केले की नेमके 9600 हाती येतात. 12 मेगाहर्ट्झला तोच भागाकार केला तर 10,417 च्या आसपासचा आकडा येतो, म्हणजे साडेआठ टक्क्यांची चूक. दहा बिटांच्या अक्षरात घेणारी बाजू स्टार्ट बिटापासून मोजत जाते, आणि शेवटच्या बिटापर्यंत अर्ध्या बिटाहून अधिक फरक साचला की ती शेजारचाच बिट वाचते; त्यामुळे दोन्ही बाजूंची मिळून चूक चार-पाच टक्क्यांच्या आतच असावी लागते. पडद्यावर अक्षरांऐवजी अगम्य चिन्हे उमटतात ती या कारणाने. केबलच्या आतील चिपलाही हाच हिशेब करावा लागतो. एफटीडीआयची चिप 30 लाख या मूळ आकड्याला भागते आणि अपूर्णांकी भाजकही वापरू शकते, म्हणून 312.5 ने भागून तिला 9600 तंतोतंत मिळतात, तर 1,15,200 साठी 26 ने भागून 1,15,385 च्या जवळचा आकडा येतो आणि ही चूक एक टक्क्याच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी असल्याने खपून जाते. वेगाच्या बाबतीत कन्व्हर्टर क्वचितच दोषी असतो. दोष बहुधा दुसऱ्या टोकाला किंवा चुकीच्या सेटिंगमध्ये सापडतो.

सातपूरच्या संदर्भात सर्वाधिक लक्ष द्यावे असा प्रश्न प्रवाह-नियंत्रणाचा आहे. फानुक या जपानी कंपनीच्या जुन्या सीएनसी नियंत्रकांवर प्रोग्राम सिरियल पोर्टमधून आत जातो आणि या जोडणीला अजूनही ‘रीडर-पंच’ असे छिद्रांकित कागदी फितीच्या काळातील नाव आहे; प्रोग्रामच्या आरंभी व शेवटी येणारे टक्क्याचे चिन्हही त्या फितीचाच अवशेष होय. नियंत्रकाची स्मृती लहान असल्याने साच्याच्या वक्र पृष्ठभागाचा लांबलचक प्रोग्राम एकदम आत मावत नाही. तो थोडा थोडा पाठवत राहायचा आणि यंत्र तो कापत राहायचे, अशी डीएनसीची पद्धत टूलरूममध्ये वापरतात. यंत्राची जागा भरत आली की ते ‘थांबा’ या अर्थाचे एक अक्षर, म्हणजे एक्सऑफ, संगणकाकडे पाठवते आणि जागा झाली की ‘चालू द्या’ या अर्थाचे एक्सऑन पाठवते. जुन्या संगणकाच्या अंगभूत सिरियल पोर्टवर हा निरोप पोचताच पाठवणे जवळजवळ त्याच क्षणी थांबत असे. कन्व्हर्टरच्या बाबतीत मात्र संगणकाने पाठवलेली अक्षरे आधी केबलच्या चिपमधील बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठवणीत, जमा होतात आणि तेथून यंत्राकडे निघतात. यंत्राचा ‘थांबा’ हा निरोप यूएसबीच्या पाकिटात बसून ड्रायव्हरपर्यंत आणि तेथून सॉफ्टवेअरपर्यंत जातो, सॉफ्टवेअर थांबतेही, पण बफरात साचलेली अक्षरे बाहेर पडतच राहतात.

किती अक्षरे बाहेर पडतात, यावर सर्व अवलंबून आहे. फानुकच्या नियमाप्रमाणे थांबण्याचा निरोप दिल्यानंतरही दहा अक्षरे आली तरी नियंत्रक ती सांभाळून घेतो. त्यापुढेही अक्षरे येतच राहिली तर 087 क्रमांकाचा बफर भरून वाहिल्याचा अलार्म पडद्यावर येतो. रूढ चिपच्या बफरात शंभराहून अधिक अक्षरे मावतात. 4800 बॉड, सात बिट, सम पॅरिटी आणि दोन स्टॉप बिट या सेटिंगमध्ये एका अक्षराला 11 बिट लागतात, म्हणजे सेकंदाला सुमारे 436 अक्षरे जातात; बफर रिकामा व्हायला पाव सेकंदाहून थोडा अधिक वेळ पुरतो, पण तेवढ्यात यंत्राची दहा अक्षरांची सवलत दहा वेळा संपलेली असते. लहान प्रोग्राम सुखरूप जातो, मोठा मध्येच तुटतो, आणि तोही दर वेळी वेगळ्या ओळीवर. ऑपरेटरचा केबलवरचा विश्वास उडतो तो येथे. यावर उपाय तीन आहेत. ज्या चिपला एक्सऑन-एक्सऑफ स्वतःच समजते आणि ज्या चिपचा ड्रायव्हर हे काम तिच्यावर सोपवतो अशी केबल घेणे हा पहिला. सॉफ्टवेअरमधून एका वेळी पाठवण्याची मात्रा अगदी लहान ठेवणे किंवा प्रत्येक ओळीनंतर थोडा विराम देणे हा दुसरा, कामचलाऊ पण फुकटचा. कार्यालयातल्या एखाद्या जुन्या टेबल-संगणकाचा अंगभूत पोर्ट डीएनसीसाठी राखून ठेवणे हा तिसरा, आणि ज्या टूलरूममध्ये रात्रभर यंत्र चालते तेथे तो अजूनही सर्वांत भरवशाचा ठरतो. बॉड दर कमी करणे हा चौथा उपाय म्हणून सर्रास सुचवला जातो. त्याने मूळ दुखणे बरे होत नाही, कारण वेग कितीही कमी केला तरी बफरातील अक्षरांची संख्या तीच राहते.

याच यंत्रांच्या पंचवीस पिनांच्या कनेक्टरमध्ये कारागिरांनी पिढ्यान्पिढ्या जपलेली एक रीत दिसते : 4 आणि 5 या पिना एकमेकींना जोडायच्या, 6, 8 आणि 20 या एकमेकींना जोडायच्या आणि प्रत्यक्षात तीनच तारा बाहेर काढायच्या. मूळ मानकात ‘मी तयार आहे’ असे परस्परांना कळवणाऱ्या स्वतंत्र तारा आहेत. या जोडण्यांमुळे यंत्राचा स्वतःचाच तयारीचा संकेत त्याच्याकडे परत येतो आणि समोरचा तयार आहे असे ते मानते. ही जोड निसटली की 086 क्रमांकाचा अलार्म येतो, आणि वेग किंवा पॅरिटी जुळली नाही तर 085 येतो. हे तीन क्रमांक ज्याला पाठ आहेत त्याला केबल बदलून पाहण्याआधीच निम्मे निदान झालेले असते.

आरएस-485 हे 1983 चे मानक या सगळ्यापेक्षा वेगळ्या तत्त्वावर उभे आहे. त्यात एका तारेचा दाब ग्राउंडच्या तुलनेत मोजण्याऐवजी दोन तारांमधील फरक मोजला जातो. बाहेरचा विद्युत-गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच चढत असल्याने फरकात तो बराचसा वजा होतो, आणि म्हणून 1200 मीटरपर्यंत अंतर आणि एका जोडीवर 32 उपकरणे शक्य होतात. आरएस-232 ची रूढ मर्यादा 15 मीटरच्या आसपास धरतात, हे लक्षात घेतले म्हणजे कारखान्यातील ऊर्जामापक, तापमान-नियंत्रक आणि मोटरचा वेग बदलणारे ड्राइव्ह एकाच जोडीवर का ओवलेले असतात, ते कळते. त्यांची भाषा बहुधा मोडबस असते, जी मोडिकॉन कंपनीने 1979 साली आपल्या पीएलसीसाठी आणली. मोडबसच्या आरटीयू प्रकारात एक निरोप संपला हे कोणत्याही चिन्हाने सांगितले जात नाही. साडेतीन अक्षरांइतका वेळ शांतता पसरली की निरोप संपला असे मानायचे असते. 9600 बॉडला हा वेळ सुमारे 4 मिलिसेकंद होतो.

यूएसबीची वेळेची समज याहून जाड आहे. तिचे मूळ कालखंड 1 मिलिसेकंदाचे असतात, आणि एफटीडीआयची चिप तर आलेली थोडी अक्षरे लगेच वर न पाठवता पाकीट भरेपर्यंत किंवा ठरावीक मुदत संपेपर्यंत थांबून राहते. ही मुदत कारखान्यातून येताना 16 मिलिसेकंद ठेवलेली असते. लहान उत्तर असलेल्या प्रत्येक प्रश्नामागे हा विलंब वाढतो. दहा-पंधरा ऊर्जामापकांना आळीपाळीने विचारणाऱ्या सॉफ्टवेअरची फेरी त्यामुळे रेंगाळते, आणि विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन ही मुदत 1 मिलिसेकंदावर आणली की तीच केबल झपाट्याने काम करू लागते. दुसरी अडचण दिशेची आहे. दोन तारांवर एका वेळी एकानेच बोलायचे असल्याने पाठवून झाल्यावर कन्व्हर्टरने तत्काळ गप्प व्हावे लागते. चांगल्या चिपवर यासाठी स्वतंत्र पिन असते. स्वस्त कन्व्हर्टर अंदाजे वेळ मोजून गप्प होतो आणि चपळ उपकरणाच्या उत्तराची पहिली अक्षरे गिळून टाकतो. ए आणि बी या तारांची नावे निरनिराळे उत्पादक उलटसुलट वापरतात ही तिसरी अडचण. ती मात्र निरुपद्रवी आहे, कारण संवाद होत नसेल तर तारा अदलून पाहण्याने काही बिघडत नाही.

या सर्व तांत्रिक प्रश्नांपेक्षा वापरणाऱ्याला जास्त जाच होतो तो ड्रायव्हरचा आणि नकली चिपांचा. यूएसबीला लावलेले प्रत्येक उपकरण संगणकाला उत्पादकाचा आणि वस्तूचा असे दोन क्रमांक सांगते आणि त्यावरून विंडोज योग्य ड्रायव्हर शोधते. एफटीडीआयच्या चिपांना मागणी फार असल्याने तिचेच क्रमांक सांगणाऱ्या नकली चिपा बाजारात पसरल्या. त्यांपैकी काही उघडून तपासल्यावर आत मूळ रचना नसून तिची नक्कल वठवणारा वेगळाच मायक्रोकंट्रोलर आढळला. ऑक्टोबर 2014 मध्ये विंडोजच्या नेहमीच्या अद्ययावतीकरणातून कंपनीचा असा ड्रायव्हर आला की तो नकली चिप ओळखून तिचा वस्तू-क्रमांक शून्य करून टाकी, आणि मग ती केबल कोणत्याही संगणकाला ओळखू येईना. टीकेचे मोहोळ उठल्यावर तो ड्रायव्हर मागे घेण्यात आला. पुढे 2016 च्या सुमारास आलेल्या ड्रायव्हरने क्रमांक पुसण्याऐवजी नकली चिपमधून अस्सल नसल्याचे इंग्रजी वाक्यच माहितीच्या जागी सोडायला सुरुवात केली. ज्या उत्पादन-यंत्राला अशी केबल जोडलेली असेल त्याच्या पोटात हे वाक्य जाणे किती घातक ठरू शकते, याचा विचार त्या निर्णयात दिसत नाही. स्वामित्व जपण्याचा कंपनीचा हक्क मान्य करूनही, ज्याने नकली चिप बनवली त्याला सोडून ज्याने अजाणता विकत घेतली त्याच्या कामात खोडा घालणे न्याय्य म्हणता येणार नाही.

तैवानच्या प्रोलिफिक कंपनीने वाट थोडी निराळी धरली. तिच्या पीएल2303 या लोकप्रिय चिपच्या जुन्या प्रकारांना नव्या ड्रायव्हरने आधार देणे थांबवले आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळ्या खुणेसह ही चिप 2012 पासून बंद झाली असल्याची सूचना दिसू लागली. त्यात अस्सल जुन्या केबलीही अडकल्या. त्यामुळे कालपर्यंत चालणारी केबल लॅपटॉप बदलताच ‘मेली’ असे वाटते. प्रत्यक्षात ती जुन्या ड्रायव्हरवर पूर्ववत चालते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा ऑनलाइन मागवलेल्या केबलीवर आतल्या चिपचे नाव बहुधा छापलेले नसते आणि दुकानदारालाही ते ठाऊक नसते. या पार्श्वभूमीवर चीनच्या डब्ल्यूसीएच कंपनीची सीएच340 ही चिप स्वस्त असूनही एका अर्थाने अधिक प्रामाणिक वाटते, कारण ती स्वतःच्याच नावाने विकली जाते. आर्डुइनो या मायक्रोकंट्रोलर बोर्डाच्या स्वस्त प्रतिकृतींवर बहुधा तीच असते, आणि साध्या कामाला तिच्यात खोट काढण्याजोगे फारसे नाही.

पोर्टच्या क्रमांकाचा घोळही येथेच नोंदवावा. ज्या चिपमध्ये स्वतंत्र अनुक्रमांक नसतो, ती दुसऱ्या यूएसबी खाचेत लावली की विंडोज तिला नवे उपकरण समजून नवा कॉम क्रमांक देते. काही महिन्यांत हा क्रमांक दहाच्या पुढे जातो आणि पीएलसीच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या यादीत चार किंवा नऊच पोर्ट असल्याने केबल लावलेली असूनही दिसत नाही. क्रमांक हाताने बदलता येतो. डॉसच्या काळातील सॉफ्टवेअरचा प्रश्न मात्र असा सुटत नाही, कारण ते कार्यप्रणालीला न विचारता 3एफ8 या ठरावीक पत्त्यावरील सिरियल चिपशी थेट बोलते, आणि कन्व्हर्टर त्या पत्त्यावर राहतच नाही.

आतापर्यंतचे दोष वेळ खातात. अर्थिंगचा दोष पैसा खातो. आरएस-232 मध्ये दोन्ही बाजूंचे ग्राउंड केबलमधून एकमेकांना जोडले जाते, आणि यंत्राचे अर्थिंग व लॅपटॉपचे अर्थिंग यांच्यात फरक असेल तर तो फरक भरून काढणारा प्रवाह या बारीक तारेतून वाहतो. ज्या शेडमध्ये वेल्डिंग चालते, मोठे ड्राइव्ह बसवलेले असतात आणि अर्थिंगचे खड्डे वर्षानुवर्षे तपासलेले नसतात, तेथे हा फरक कित्येक व्होल्ट असू शकतो. दोन पिनांच्या चार्जरवरील लॅपटॉपचे अंग चार्जरमधील कपॅसिटरांमुळे जमिनीच्या तुलनेत तरंगत असते. त्याच्या धातूच्या कडेला हात लावला की जी झिणझिणी येते ती त्यामुळेच. केबल जोडण्याच्या क्षणी ग्राउंडच्या पिनेआधी संदेशाची पिन टेकली तर हा सारा दाब नियंत्रकाच्या पोर्टवर येतो, आणि शंभर-दोनशे रुपयांच्या केबलीपायी नियंत्रकाचे महागडे कार्ड जाते. म्हणून जाणते सर्व्हिस इंजिनिअर यंत्र बंद करूनच केबल लावतात आणि ड्राइव्हच्या पॅनेलपाशी काम करताना चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवतात. विलगीकरण असलेला कन्व्हर्टर हा याहून पक्का उपाय आहे. त्यात यूएसबीची बाजू आणि यंत्राची बाजू यांच्यामध्ये तारेचा संबंधच नसतो, संदेश प्रकाशाच्या किंवा चुंबकीय जोडणीच्या मार्गाने पलीकडे जातो. त्याची किंमत साध्या केबलीच्या कित्येक पट असते आणि खरेदी विभागाला हा फरक पटवून देणे अवघड जाते. पण ज्या कारखान्यात एकदा कार्ड जळाले आहे, तेथे पटवून द्यावे लागत नाही.

मायक्रोकंट्रोलरवर काम करणाऱ्यांचे जग याच्या शेजारीच आहे. सातपूरची शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था, शहरातील तंत्रनिकेतने आणि अभियांत्रिकी महाविद्यालये यांतून बाहेर पडणारी मुले आता 8051 बरोबरच आर्डुइनो आणि ईएसपी32 यांवरही हात बसवतात. या बोर्डांवर कन्व्हर्टरची चिप बोर्डाचाच भाग झालेली असते आणि सिरियल मानकातील मोडेमसाठीच्या तारांना तेथे वेगळेच काम मिळालेले असते. आर्डुइनोवर डीटीआर ही तार एका लहान कपॅसिटरमधून रीसेटला जोडलेली असते. पोर्ट उघडला की बोर्ड नव्याने सुरू होतो आणि प्रोग्राम टाकण्यासाठी बटण दाबावे लागत नाही. ईएसपी32 वर डीटीआर आणि आरटीएस या दोन तारा दोन ट्रान्झिस्टरांच्या साहाय्याने चिपला रीसेट करून प्रोग्राम घेण्याच्या स्थितीत नेतात. सोय मोठी आहे, पण हेच बोर्ड यंत्रावर मोजणीसाठी कायमचे बसवले की संगणकावरील सॉफ्टवेअर सुरू होताच बोर्डही पुन्हा सुरू होतो आणि तोवरची मोजणी शून्यावर येते. शिकण्याच्या टेबलावरील सोय उत्पादनात कशी अंगलट येते, याचे हे नेमके उदाहरण आहे, आणि कपॅसिटर काढून टाकणे किंवा त्याची वाट तोडणे हा त्यावरचा रूढ इलाज होय.

केबल चांगली आहे की नाही हे ठरवण्याची सर्वांत सोपी कसोटी मात्र फार कमी वापरली जाते. नऊ पिनांच्या कनेक्टरवर 2 आणि 3 या पिना तारेच्या तुकड्याने जोडायच्या, पुटी किंवा टेराटर्मसारखे टर्मिनल सॉफ्टवेअर उघडायचे, प्रवाह-नियंत्रण बंद ठेवायचे आणि टाइप करायचे. टाइप केलेले अक्षर पडद्यावर उमटले तर ड्रायव्हर, चिप आणि तार तिन्ही ठीक आहेत, आणि शोध यंत्राच्या बाजूला वळवायला हरकत नाही. त्यानंतर मल्टिमीटरने पाठवण्याची तार स्वस्थ असताना ग्राउंडच्या तुलनेत किती दाब दाखवते ते पाहावे. आरएस-232 असेल तर काटा ऋण बाजूला जाईल, टीटीएल असेल तर धन 3.3 किंवा 5 दिसेल. ऋण दाब 5 व्होल्टच्या आसपासच रेंगाळत असेल, तर पोर्टमधूनच वीज घेणारी उपकरणे, उदाहरणार्थ विनापुरवठा चालणारे आरएस-485 चे छोटे डबे, त्या केबलीवर चालतील याची खात्री देता येत नाही.

नव्या यंत्रांवर मेमरी कार्डाची खाच आणि इथरनेट आले आहे, मोडबस नेटवर्कवरून जाऊ लागला आहे, आणि काही ठिकाणी सिरियल पोर्टलाच वाय-फायचा डबा लावून केबल काढून टाकलेली दिसते. नव्या मायक्रोकंट्रोलरांपैकी ईएसपी32-एस3 आणि आरपी2040 यांसारख्यांमध्ये यूएसबी चिपच्या पोटातच असल्याने तेथे कन्व्हर्टरची गरज उरत नाही. संगणकाला दिसणारा कॉम पोर्ट आता केवळ एक आभास असतो आणि त्यात भरलेला बॉड दर बहुधा कोणी वाचतही नाही. तरीही इथरनेटच्या राउटरपासून वाय-फायच्या त्या डब्यापर्यंत कोणतेही उपकरण दुरुस्तीसाठी उघडले की सर्किट बोर्डाच्या कडेला ग्राउंड, पाठवणे आणि घेणे अशा तीन-चार छिद्रांची ओळ बहुधा सापडते, आणि नेटवर्क ज्या वेळी बोलत नाही त्या वेळी त्या छिद्रांना 3.3 व्होल्टची केबल लावूनच आत काय बिघडले आहे ते वाचावे लागते. लाल तार तेवढी मोकळी ठेवायची असते, कारण बोर्डाला स्वतःचा पुरवठा असतो.